तात्यासाहेबांची अखंड धारणा

सकाळचे अकरा वाजले आणि तात्यासाहेब अजूनही लघवीला गेले नव्हते.

मांडवातल्या दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतराव माइकवर ओरडले, "पाच तास पूर्ण! बोला, निर्जलानंद महाराज की..." आणि लोकांनी "जय" म्हटलं. लगेच एका बाईनं तात्यासाहेबांच्या हातात गुलाबाच्या सरबताचा सहावा पेला दिला. त्यांनी तो घटाघटा रिकामा करून उलटा धरून दाखवला. पुन्हा टाळ्या.

एका सरकारी सेक्शन ऑफिसरला लघवीला न गेल्याबद्दल टाळ्या मिळताना मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे घडलं १९९४च्या मे महिन्यात, दिल्लीत, मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या 'कोयना' सोसायटीच्या पटांगणात. सोसायटी मराठी सरकारी नोकरांची. कार्यक्रमाचं नाव 'अखंड धारणा महोत्सव'. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, तात्यासाहेब व्यासपीठावर बसून दर तासाला पेलाभर सरबत पिणार आणि एकदाही उठणार नाहीत. मागे उंच सिंहासनावर स्वामी निर्जलानंद. सिंहासन भगव्या कापडानं जमिनीपर्यंत झाकलेलं. स्वामी स्वतः अकरा वर्षांत एकदाही लघवीला गेले नाहीत, असं पत्रकात छापलं होतं. पत्रकाच्या खाली 'छायाचित्र जोडले आहे' असंही होतं. कशाचं छायाचित्र, हे मला अजून समजलेलं नाही.

स्वामींची वाणी मात्र झकास होती. काळाबरोबर चालणारी.

"बेटा," ते म्हणत, "सरकारनं दारं उघडली. बाहेरून कोला आला, बाहेरून टीव्ही आला. ठीक आहे! सरकारला उदारीकरण करू द्या. तुम्ही आपल्या मूत्राशयाचं उदारीकरण करू नका! शक्तीची निर्यात बंद करा! मधुमेह म्हणजे काय? गळती! नळ गळत असेल तर टाकीत गोळी टाकून काय उपयोग? नळ बंद करा! जो धारण करेगा, वही धारणा करेगा!"

लोक डोलत. माझी बायको माधवीसुद्धा एकदा डोलली. मी पाहिल्यावर म्हणाली, "मच्छर होता."

तात्यासाहेबांना चौदा वर्षांपासून मधुमेह. आमच्या चार्टर्ड बसमध्ये ते माझ्या शेजारी बसत. मयूर विहार ते कृषी भवन हा पाऊण तासाचा रस्ता, पण तात्यासाहेबांना तो एका दमात कधीच झेपला नाही. निजामुद्दीन पुलाच्या आधी एकदा आणि पूल उतरल्यावर एकदा, बस थांबायची म्हणजे थांबायची. ड्रायव्हर आरशात पाहून विचारायचा, "बाबूजी, फिर?" आणि चाळीस माणसं हसायची. तात्यासाहेब फाइलनं तोंड झाकत उतरायचे. एकदा ते झाडाआड असतानाच कोणीतरी गंमत म्हणून बस पन्नास पावलं पुढं घ्यायला लावली. तात्यासाहेब एका हातानं पँट सावरत मागे धावत आले. सगळे खूप हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो.

मार्चमध्ये निर्जलानंद आले. कुणाच्या तरी गाझियाबादच्या मेहुण्याचे गुरू. त्यांनी तात्यासाहेबांना मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ 'बिंदुबंध चूर्ण' घ्यायला लावलं. आठ दिवसांत बस एकदाच थांबू लागली. पंधरा दिवसांत थांबेनाशी झाली. एप्रिलअखेरीस तात्यासाहेब अभिमानानं सांगू लागले, "दिवसातून एकदा. फक्त एकदा! आणि तेसुद्धा वाटतं म्हणून नाही, सवय म्हणून!"

"चलो, डॉक्टरला दाखवून घ्या," मी म्हणालो.

"विश्वासराव, तुमच्या नावात विश्वास आहे, मनात नाही," ते म्हणाले. "रोग असतो तेव्हा डॉक्टर. बरं झाल्यावर कशाला डॉक्टर?"

आणि बघता बघता अर्धी सोसायटी ते चूर्ण घेऊ लागली. गुणवंतराव तर दोन-दोन चमचे घेत. महाराजांच्या कृपेनं आपल्या डोळ्यांत तेज आलं आहे, असं ते म्हणत. तेज आलं होतं खरं, पण त्यांना वर्तमानपत्र वाचता येईनासं झालं होतं. पाणी कपातीची नोटीस त्यांनी सभेत हात लांब करून, मग हात जवळ आणून, शेवटी अंदाजानं वाचली. त्या आठवड्यात सोसायटीनं चुकीच्या दिवशी बादल्या भरल्या.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कॅप्टन मावशी परत आल्या.

कॅप्टन कुसुमावती आमच्याच जिन्यात तळमजल्यावर राहत. अठ्ठावीस वर्षं लष्करी इस्पितळांत नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. दोन महिने देवळालीला भावाकडे होत्या, म्हणून हा सगळा चमत्कार त्यांच्या गैरहजेरीत घडला. रिक्षातून उतरून त्या बॅग घेऊन जिन्याशी आल्या तेव्हा तात्यासाहेब खाली उतरत होते. मी मागे होतो. तिसऱ्या पायरीवर तात्यासाहेबांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली. ते तसेच पुढे निघाले. फाटक ओलांडून, दुपारच्या तापलेल्या सिमेंटवरून, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा.

"तात्या," मावशी ओरडल्या, "चप्पल!"

तात्यासाहेबांनी खाली पाहिलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं. मग प्रसन्न हसले. "कळलंच नाही बघा! महाराज म्हणतात, आता देहाची जाणीव सुटत चालली आहे."

मावशींनी बॅग खाली ठेवली. "लघवीची पण सुटली का रे?"

"बिल्कुल!" तात्यासाहेब म्हणाले. "उद्या महोत्सव आहे. पुढच्या रांगेत बसा."

मावशी पुढे झाल्या. त्यांनी तात्यासाहेबांना उजेडाकडे तोंड करायला लावलं, डोळ्यांत पाहिलं, "जीभ काढ" म्हणाल्या. जीभ सँडपेपरसारखी कोरडी. मग त्या आधी गुणवंतरावांकडे गेल्या, चूर्णाचं ऐकून त्यांचेही डोळे तपासले आणि तिथून तात्यासाहेबांच्या घरी निघाल्या. मला म्हणाल्या, "विश्वास, तूही चल. साक्षीदार लागतो."

तात्यासाहेबांची बायको सुमित्रावहिनी स्वयंपाकघरात होती. आधी ती सगळं छान आहे म्हणाली. मावशींनी ओट्यावर हात टेकून नुसतं तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यानंच वहिनीचा बांध फुटला.

"रोज पहाटे चादर ओली असते हो मावशी. दिवसभर जात नाहीत आणि झोपेत थेंब थेंब होत राहते. ते म्हणतात घाम आहे. मी कोणाला दिसू नये म्हणून गच्चीवर न वाळवता इथे पंख्याखाली वाळवते. बाथरूममध्ये गेले की दहा-दहा मिनिटं कुंथत बसतात. नळाची धार ऐकू येते, त्यांची नाही येत. आणि परवा ताप पण होता."

"पोट?"

"पोट सुटलंय म्हणतात. जेवण तर निम्म्यावर आलंय."

मावशींनी चूर्णाची पुडी मागितली. पेपरवर पसरली आणि वहिनीच्या शिवणाच्या डब्यातल्या भिंगातून पाहिली. कुटताना राहिलेले तपकिरी, चपट्या कानासारखे दोनचार दाणे त्यांनी नखानं बाजूला काढले.

"हे बघ. ओळखतोस?"

मी ओळखलं नाही.

"धोतरा," मावशी म्हणाल्या. "यानं तोंड कोरडं पडतं, डोळ्यांची बाहुली घुबडासारखी मोठी होते, जवळचं वाचता येत नाही, आणि लघवी अडते. गुणवंताचं तेज ते हेच. अर्ध्या सोसायटीची लघवी कमी झाली ती कृपेनं नाही, विषानं झाली."

"मग तात्यासाहेबांनाच एवढं का?" मी विचारलं.

"कारण त्याची पिशवी आधीच अर्धी मेलेली आहे. चौदा वर्षांची साखर, रे. ती नसा खाते. पायाच्या नसा खाल्ल्या म्हणून चप्पल गेलेली कळत नाही. मूत्राशयाच्या नसा खाल्ल्या म्हणून भरल्याचं कळत नाही. पिशवी फुग्यासारखी ताणत जाते आणि तिच्यात दाबून बाहेर टाकायचा जोर उरत नाही. साखर तर चढलेलीच, त्यामुळे लघवी तयार होतेय दुप्पट. ती जाते कुठं? साठते. सडते. वर मूत्रपिंडावर दाब देते. त्यावर हा बाबा धोतऱ्याचं कुलूप घालतो. आणि रात्री ओसंडून गळतं, त्याला हा घाम म्हणतो."

आम्ही तात्यासाहेबांना गाठलं. मावशींनी सगळं नीट समजावलं, मग रागावून समजावलं. तात्यासाहेब ऐकत होते. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, त्या बसमध्ये तुम्ही कधी बसला नाहीत. चाळीस माणसं हसायची. उद्या दोनशे माणसं टाळ्या वाजवणार आहेत. मला एक दिवस द्या."

माझी मान खाली गेली.

मावशी म्हणाल्या, "तुझ्याकडे एक दिवस आहे की नाही, तेच मला माहीत नाही." पण तात्यासाहेब उठून गेले.

म्हणून रविवारी अकरा वाजता आम्ही मांडवात होतो. मावशी पांढरी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, पुढच्या रांगेत. बारा वाजले. एक वाजला. आठवा पेला. तात्यासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मे महिन्याची दुपार, पण त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. नववा पेला हातात घेतला आणि त्यांना मळमळलं. पेला त्यांनी तसाच खाली ठेवला.

"शक्ती वर चढते आहे!" निर्जलानंद गरजले. "कुंडलिनी उलटी वाहते आहे!"

"ती नाही, लघवी उलटी वाहते आहे," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

त्या मांडवाच्या मागून फिरून व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्यांनी वर चढल्या. चढताना सिंहासनाच्या मागे क्षणभर थांबल्या, वाकल्या, चष्मा वर करून काहीतरी पाहिलं. मग सरळ पुढे आल्या. गुणवंतरावांना वाटलं, हार घालायला आल्या. त्यांनी अदबीनं माइक पुढे केला.

मावशींनी माइक घेतला आणि तो तात्यासाहेबांच्या पोटाशी धरायला मला दिला. मी कधी वर चढलो, मलाच कळलं नव्हतं.

"तात्या, मागे रेल. विश्वास, हलू नकोस." त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट तात्यासाहेबांच्या पोटावर, बरगड्यांखाली ठेवलं आणि उजव्या बोटानं त्यावर ठोकलं.

ढब, ढब. दोन्ही लाउडस्पीकरांतून पोकळ आवाज सोसायटीभर घुमला. एक कावळा उडाला.

"ही हवा," मावशी म्हणाल्या. बोट खाली सरकलं. ढब. ढब. आणखी खाली, बेंबीशी.

थप्प.

"हे पाणी." बेंबीच्या खाली सगळीकडे थप्प, थप्प, थप्प. "मंडळी, टरबूजवाला ठोकून दाखवतो ना, तसंच हे. निरोगी माणसाचं मूत्राशय भरलं तरी असं बेंबीपर्यंत येत नाही. हा चमत्कार नाही. हा काठोकाठ भरलेला माठ आहे, आणि ज्याचा आहे त्यालाच कळत नाही. धारणा कसली, माणूस मरायला टेकलाय!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. निर्जलानंद सिंहासनावर ताठ झाले. "माई! अविश्वासाचा स्पर्श! साधक भ्रष्ट झाला! अरे, मी स्वतः अकरा वर्षं..."

"हो, तुमच्याकडेच येते," मावशी म्हणाल्या.

त्या सिंहासनाच्या बाजूला गेल्या आणि भगव्या कापडाचं टोक धरून एकदाच ओढलं.

सिंहासन खालून पोकळ होतं. महाराजांच्या कफनीतून एक रबरी नळी निघून खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जात होती. पिशवीवर आकडे छापलेले होते. इस्पितळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लावतात तीच पिशवी. आणि ती चांगली फुगलेली.

मावशींनी वाकून आकडा वाचला. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं वाचला. "नऊशे एम.एल. बाबाजी, पिशवी बदलायची वेळ झाली. नळी पण उलटी वळलीय, अशानं इन्फेक्शन होतं. कोणी लावली ही? अगदी अडाणी काम."

दोनशे माणसं माना उंचावून पाहू लागली. मग मागून कुणाची तरी लहान पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "मम्मी, बाबाजी सूसू कर रहे हैं!"

मांडव हशानं फुटला. निर्जलानंद उठून पळायला गेले, पण नळीनं त्यांना सिंहासनाशी धरून ठेवलं होतं. दोन पावलं टाकली, मागे खेचले गेले, पुन्हा टाकली. शेवटी त्यांनी पिशवीच खिळ्यावरून काढून काखेत मारली आणि फाटकाकडे धूम ठोकली. अकरा वर्षांची तपश्चर्या मागून थेंब थेंब रस्ता दाखवत होती. फाटकाशी त्यांना सोसायटीच्या चौकीदारानं अडवलं आणि रजिस्टर पुढे करून म्हणाला, "जाने का टाइम लिख दो, महाराज." तेवढ्यात आमचे दोघे तिघे धावत पोहोचले, आणि पुढे पोलीस चौकीपर्यंतची यात्रा महाराजांनी पिशवीसकट केली.

हे मी नंतर ऐकलं. कारण तेव्हा आम्ही तात्यासाहेबांना उचलून गुणवंतरावांच्या नव्या कोऱ्या मारुतीत घालत होतो. गुणवंतरावांनी सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांची नेहमी चेष्टा करायचो. त्या दिवशी वाटेत, प्रत्येक खड्ड्याला, त्या प्लास्टिकचं सार्थक झालं. गाडी मात्र मीच चालवली. गुणवंतरावांना गिअरचे आकडे दिसत नव्हते.

इस्पितळात डॉक्टरांनी नळी घातली. सोळाशे एम.एल. निघाली. मी आणि वहिनी बाहेर बाकावर बसलो होतो आणि आतून मावशी आकडे सांगत होत्या, "आठशे... हजार... अजून येतेय!" क्रिकेटची धावसंख्या सांगावी तसं. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती आणि मध्येच हसत होती. रक्तातली साखर चारशेच्या वर. सोनोग्राफीत मूत्रपिंडं सुजलेली, पण वाचण्यासारखी. "अजून आठ-दहा दिवस असंच चाललं असतं," डॉक्टर म्हणाले, "तर एकतर मूत्रपिंडं गेली असती, नाहीतर जंतू रक्तात गेले असते." चूर्णाची पुडी मावशींनी तिथेच दिली. तपासणीत धोतऱ्याचं बी निघालं.

संध्याकाळी तात्यासाहेबांनी डोळे उघडले.

"मावशी," ते म्हणाले, "म्हणजे मी बरा झालोच नव्हतो?"

"नाही रे."

"मला वाटलं, शरीर शांत झालं."

"शांत नाही झालं, तात्या. बहिरं झालं." मावशींनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. "आधी सारखी लघवी लागायची, ती साखरेची हाक होती. ती थांबली ती साखर गेली म्हणून नाही. हाक पोचवणारी तार तुटली म्हणून."

"तार परत जोडता येते?"

"थोडी येईल. पुरती नाही. आता लागली म्हणून जायचं नाही, घड्याळ लावून जायचं. दर तीन तासांनी. गेलास की पूर्ण कर, थोडं थांब, पुन्हा एकदा कर. इन्सुलिनचं इंजेक्शन रोज. पाय रोज रात्री तपासायचे. जमेल?"

तात्यासाहेब म्हणाले, "सेक्शन ऑफिसर आहे मी. घड्याळ पाहण्यातच हयात गेली."

तीन आठवड्यांनी सोसायटीची सभा झाली. गुणवंतरावांनी सगळ्यांची माफी मागितली, आता हात लांब-जवळ न करता, कागदावरून वाचून. मग तात्यासाहेब उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "मला चौदा वर्षं मधुमेह आहे. माझं मूत्राशय नीट काम करत नाही. हे मी बसमध्ये सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, म्हणून मी ते एका लबाडाला सांगितलं. तो हसला नाही. ज्याची लाज वाटते ते दुखणं असले लोक बरोबर हुडकून काढतात. तुमच्यापैकी किती जणांना रात्री चार वेळा उठावं लागतं, मला माहीत नाही. पण बाबाकडे जाऊ नका आणि गप्पही बसू नका."

कोणी हसलं नाही. मागून गुणवंतरावांनीच विचारलं, "तात्या, हे तपासायला... नेमकं काय करावं लागतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन मावशींच्या दारात रांग लागली. प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली. कोणाची जॅमची, कोणाची खोकल्याच्या औषधाची. मावशींनी गॅसवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं. परीक्षानळीत बेनेडिक्ट द्रावण, निळंशार. त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी उकळत्या पाण्यात. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, विटकरी, तसतशी जास्त.

"वास काय येतोय मावशी!" माधवी नाकाला पदर लावून म्हणाली.

"चमत्काराला उदबत्तीचा वास असतो," मावशी म्हणाल्या. "विज्ञानाला असाच असतो. आणि हे लक्षात ठेवा, ही नुसती पहिली चाळणी. निळं आलं तरी चाळिशीनंतर रक्त तपासून घ्यायचं."

लोक नळीकडे डोळे लावून उभे होते. निळी, निळी, हिरवट, निळी. गुणवंतरावांची निळीच राहिली तेव्हा त्यांनी सवयीनं हात जोडले. मावशींनी डोळे वटारले. त्यांनी हात खिशात घातले.

मी नुसता पाहायला आलो होतो. माधवीनं मला न विचारता माझी बाटली आणली होती.

नळी पाण्यात गेली. निळी होती. हिरवी झाली. पिवळी झाली. मी मनात म्हणालो, बस कर. ती थांबली नाही. सगळ्यांच्या देखत ती जुन्या दिल्लीच्या विटेसारखी लाल झाली.

गेली दोन वर्षं मी रात्री तीनदा उठत होतो. उन्हाळा आहे, पाणी जास्त पितो, असं स्वतःला सांगत होतो. बाबाला मी एका मिनिटात खोटा ठरवला असता. स्वतःला दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मावशींनी नळी माझ्यासमोर धरली. "घाबरू नकोस. लवकर कळलं. गोळ्या, चालणं, जेवणात शिस्त. तुझी तार अजून शाबूत आहे."

म्हणून हे सगळं नावानिशी लिहिलं. अंगारा, चूर्ण आणि सिंहासनं मिळतील, कुठंही मिळतील. पण एखादं दुखणं अचानक गप्प झालं, तर आनंदानं टाळ्या वाजवण्याआधी ते का गप्प झालं हे विचारा. जो माणूस कारण सांगतो, तपासून दाखवतो आणि तुम्हालाही तपासू देतो, त्याच्याकडे जा. आणि जाताना लाजू नका. लघवीच आहे ती. सगळ्यांना होते. अकरा वर्षं न होणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

उद्या सकाळी एक बाटली घ्या आणि स्वच्छ धुऊन घ्या. बाकीचं डॉक्टर सांगतील.